पान कशाला म्हणावं? मोरस, पानफुटी आणि शिवनेरीची शिंदळ माकुडी



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज कोपरीत तुमच्यासमोर झाडांच्या पानांवर बोलायला उभे आहोत. व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं, "अहो, हा तुमचा प्रांत कधीपासून झाला?" आम्ही म्हटलं, वर्गात एक चूक केली तेव्हापासून. ती चूक कोणती, ते पुढे सांगतोच. आधी खाडीवर जाऊन येऊ.

स्टेशनाच्या पूर्वेला उतरून मीठबंदराच्या रस्त्यानं खाली गेलं, की खाडीचा वास येतो. तिवरांच्या अलीकडे, भरतीचं पाणी अधूनमधून शिवून जातं अशा चिखलपट्टीवर आणि जुन्या मिठागरांच्या बांधांवर एक बुटकं झुडूप वाढतं. त्याची पानं शेवयांच्या जाड तुकड्यांसारखी, गोलसर आणि रसरशीत असतात. बोटांत दाबलं की पाणी सुटतं. त्याला मोरस म्हणतात. मागच्या रांगेतल्या मावशी मान हलवताहेत, म्हणजे त्यांनी भाजी खाल्लेली आहे. या भाजीत वरून मीठ घालायची गरज पडत नाही. उलट पानं आधी उकळून ते पाणी टाकून द्यावं लागतं.

आता गंमत बघा. मांसल पानाचं झाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं. पाऊस नाही, म्हणून झाडानं पाणी साठवून ठेवलं, असं आपण शाळेत शिकलो. पण मोरस तर पाण्यात पाय सोडून बसलेली! दिवसातून दोनदा भरती येते, आणि वर ठाण्याचा पाऊस कसा पडतो ते तुम्हाला आम्ही काय सांगावं. मग तिनं कोरफडीसारखं पान कशाला धरलं असेल?

याचं उत्तर शिम्पर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात दिलं आहे. पाणी समोर असणं वेगळं आणि ते पिता येणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. खारं पाणी मुळाला सहज ओढून घेता येत नाही. त्यामुळे खाडीतलं झाड, शरीराच्या हिशेबानं, दुष्काळातच उभं असतं. जे मीठ आत येतं ते पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत कोंडून ठेवायचं आणि ते बेताचं राहावं म्हणून पिशवीच मोठी करायची, हा मोरसचा उपाय. पेशी फुगतात, पान जाड होतं. अशी झाडं कमी मिठात वाढवली तर पानं तुलनेनं बारीक राहतात. म्हणजे पानाचा जाडपणा हा निव्वळ वंशाचा वारसा नव्हे, तो पाण्याशी रोज चाललेला व्यवहारही आहे. हे वाक्य लक्षात असू द्या, आपल्याला पुढे शिवनेरीवर लागणार आहे.

आता आमची चूक. आम्ही पदवीच्या वर्गाला तर्कशास्त्र शिकवायचो. व्याख्या म्हणजे काय आणि ती कशी बिघडते, हा त्यातला भाग. आपल्या नैयायिकांनी व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. उदाहरण गाईचं. गाय म्हणजे तांबूस जनावर म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटल्या, ही अव्याप्ती. शिंगं असलेलं जनावर म्हटलं तर म्हशी आत आल्या, ही अतिव्याप्ती. एक खूर असलेलं जनावर म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही, तो असंभव. वर्षानुवर्षं हीच गाय हाकून कंटाळा आला म्हणून एकदा आम्ही पानाचं उदाहरण घेतलं. फळ्यावर लिहिलं: पान म्हणजे खोडावर येणारा चपटा, हिरवा अवयव. मागून एका मुलीनं विचारलं, "सर, मग फड्या निवडुंगाचं पान त्यात बसतं का?" आम्ही बेधडक म्हटलं, "बसतं की. चपटं आहे, हिरवं आहे."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं निवडुंगाचा एक कोवळा फडा कागदात गुंडाळून आणला आणि आमच्या टेबलावर ठेवला. त्या फड्यावर जागोजाग बारीक, टोकदार, हिरवी टोकं होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती म्हणाली, "सर, ही याची पानं. थोड्या दिवसांत गळून जातात. तुम्ही ज्याला पान म्हणता ते खोड आहे." तिनं वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना विचारून खात्री करून घेतली होती. आमच्या एकाच वाक्यात दोन दोष निघाले. निवडुंगाचं खोड पानात शिरलं ही अतिव्याप्ती, आणि त्याची खरी पानं, जी चपटी नाहीत, ती बाहेर राहिली ही अव्याप्ती. आणखी खोदलं तर कळतं की त्याचे काटे हीदेखील पानांचीच बदललेली रूपं आहेत. काट्याला पान म्हणायचं आणि फड्याला म्हणायचं नाही! सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो, पण घरी येऊन अस्वस्थ झालो. चाळीस पोरांना आम्ही ते मोठ्या खात्रीनं सांगितलं होतं.

मग वाचायला लागलो. पहिल्यांदा अर्थात ॲरिस्टॉटल. आत्म्यावरच्या ग्रंथात तो सहज सांगून जातो की पान हे फळाच्या सालीचं आच्छादन आणि साल हे फळाचं. म्हणजे पानाची ओळख त्याच्या कामावरून. आता मोरसचं पान कोणत्या फळावर पांघरूण घालतं? त्याचा शिष्य थिओफ्रास्टस मात्र फार सावध माणूस. गुरूची चौकट त्यानं मोडली नाही, पण तो झाडांकडे बघत राहिला. मांसल पानांची झाडं त्यानं वेगळी नोंदवली. मुळांविषयी लिहिताना तो आपल्या वडाच्या पारंब्यांचं आश्चर्य सांगतो आणि त्याच ओघात म्हणतो की याहून नवल म्हणजे ओपूस गावाच्या आसपास एक छोटी वनस्पती आहे म्हणे, तिला पानातून मुळं फुटतात. त्या ओपूसवरूनच पुढे युरोपीय पंडितांनी अमेरिकेतून आलेल्या आपल्या फड्या निवडुंगाला ओपन्शिया हे नाव दिलं. फड्यालाही मुळं फुटतात ना, म्हणून. अर्थात त्यांनीही फड्याला पानच समजलं होतं. आम्हाला जरा बरं वाटलं.

पानातून मुळं फुटण्याचं नवल बघायला ओपूसला जायची गरज नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या गॅलरीत पानफुटी असेल. पान तोडून वहीत ठेवायचं, आठवड्याभरात कडेच्या खाचांतून इवली रोपं निघतात. मुलांचा हा आवडता खेळ. ही मूळची मादागास्करची. मोलुक्का बेटांवरून १७९९ च्या सुमारास ती कलकत्त्याला कंपनीच्या बागेत आली, तिथून इंग्लंडला गेली आणि १८०५ साली तिला ब्रायोफायलम हे नाव मिळालं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अंकुरणारं पान. म्हणजे अक्षरशः पानफुटी! वैद्यांनी तिला पर्णबीज म्हटलं. पाहुणी असून इतकी पटकन घरची झालेली वनस्पती दुसरी सांगता येणार नाही.

या एका झाडाभोवती दोन माणसं येतात. दोघंही जर्मन. एक जगाला ठाऊक असलेला, दुसरा जवळजवळ विसरला गेलेला.

पहिला गटे. शाकुंतलाचं भाषांतर वाचून भारावून गेलेला कवी म्हणून आपण त्याला ओळखतो. पण त्याला स्वतःला आपल्या वनस्पतिशास्त्राचा अभिमान कमी नव्हता. १७८७ मध्ये इटलीत, पालेर्मोच्या बागेत फिरताना त्याच्या मनात आलं की झाडाचे सगळे बाजूचे अवयव, म्हणजे बीजदलं, पानं, पाकळ्या, केसर, हे एकाच मूळ अवयवाचे अवतार असावेत. त्या मूळ अवयवाला त्यानं पानच म्हटलं. १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावरची त्याची पुस्तिका निघाली. खरं तर त्याच्या आधी, १७५९ मध्ये, वोल्फ नावाच्या तरुणानं सूक्ष्मदर्शकाखाली शेंड्याचं टोक पाहून ठेवलं होतं. त्या टोकाच्या बाजूला फुगीर उंचवटे येतात आणि त्यांचीच पानं होतात, हे त्यानं लिहिलं होतं. गटेला हे नंतर कळलं आणि त्यानं ते मोकळेपणानं मान्यही केलं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना गटेची एक गोष्ट फार आवडते. १७९४ च्या उन्हाळ्यात येना इथे त्याची आणि शिलरची गाठ पडली. गटेनं उत्साहानं आपलं आदिझाड कागदावर रेखाटून दाखवलं. शिलर कांटचा अभ्यासक. त्यानं मान हलवली आणि म्हणाला की हा काही अनुभव नाही, ही कल्पना आहे. गटे चिडला. आपल्याला नकळत कल्पना सुचतात आणि त्या आपण डोळ्यांनी पाहतोही, हे ऐकून आनंद झाला, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. दोघांची पुढे गाढ मैत्री झाली हा भाग वेगळा. पण शिलरचा प्रश्न तसाच राहिला: पान नावाची वस्तू निसर्गात आहे, की ती आपल्या डोक्यात आहे?

उतारवयात गटेच्या हाती पानफुटी आली आणि तो तिच्या प्रेमात पडला. खिडकीत कुंड्या ठेवायच्या, मित्रमैत्रिणींना पानं पाठवायची, हे वेड शेवटपर्यंत राहिलं. जर्मन लोक आजही तिला गटेचं झाड म्हणतात. का नाही पडणार प्रेमात! तिची खालची पानं साधी, एकसंध. वरची पानं तीन किंवा पाच पर्णिकांत विभागलेली. एकाच देठावर रूपांतराचा सगळा पाठ. आणि वर एकेका पानात अख्खं झाड लपलेलं.

दुसरा माणूस बेंजामिन हाइन. मद्रासच्या कंपनी सरकारचा वनस्पतितज्ज्ञ, आयुष्याची उमेदीची वर्षं दक्षिण भारतात घालवलेला. १८१३ मध्ये त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लॅम्बर्ट यांना एक छोटं पत्र लिहिलं, ते १८१५ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यानं लिहिलं आहे की भारतातल्या बागांत वाढणाऱ्या या झाडाचं पान सकाळी चाखलं तर अंबाडीच्या जातीला शोभेल इतकं आंबट लागतं. दिवस चढत जातो तसा आंबटपणा उतरतो. दुपारी पान बेचव होतं आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. अंबाडी हा आमचा शब्द, त्यानं त्याच्याकडच्या आंबट भाजीचं नाव दिलं आहे.

मंडळी, या पत्राला आम्ही फार मोठं मानतो. हाइनकडे यंत्र नव्हतं. जीभ होती आणि तेच पान दिवसातून तीनदा चाखण्याची चिकाटी होती. आम्ही स्वतः हा प्रयोग गॅलरीत करून पाहिला. पहाटे साडेपाचला तुकडा जिभेला लावला तर चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा झणका लागला, आणि दुपारी जेवणानंतर त्याच झाडाचं शेजारचं पान अगदी पाणीदार. घरच्यांनी डोक्याला हात लावला. तुम्ही करून पाहणार असाल तर गिळू नका, थुंकून टाका. हे झाड पोटात घेण्यासारखं नाही, जास्त गेलं तर हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात आहेत.

या चवीत मांसल पानाचं निम्मं रहस्य आहे. साधं झाड दिवसा पर्णरंध्रं उघडून कर्बवायू आत घेतं. पण दार उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन जातं. पानफुटी दिवसा दार लावून घेते आणि रात्री, गारव्यात, उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू उन्हाशिवाय वापरता येत नाही, म्हणून तो आम्लाच्या रूपात साठवते. सफरचंदात असतं तेच मॅलिक आम्ल. सकाळपर्यंत पिशव्या आम्लानं भरतात, दिवसभर बंद दाराआड ते मोडून त्याची साखर होते. हे करायचं तर साठवणीला जागा हवी. म्हणून पेशी मोठ्या, आतली पिशवी जवळजवळ सगळी पेशी व्यापणारी, पान जाड, वरची साल मेणचट, पर्णरंध्रं कमी. चपट्या कागदी पानाला हा व्यवहार झेपत नाही. म्हणजे पान जाड का, याचं उत्तर मोरसच्या बाबतीत मिठाच्या हिशेबात होतं, इथे ते घड्याळात आहे. जिनिव्हाच्या द सोस्यूरनं १८०४ मध्येच निवडुंग रात्री वायू शोषतो हे मोजून दाखवलं होतं. तिथला निवडुंग आणि इथली पानफुटी यांचा धागा नीट जुळायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

आणि गटेच्या कल्पनेचं काय झालं? ती मेली नाही. ॲग्नेस आर्बर नावाच्या इंग्रज विदुषींनी १९४६ मध्ये गटेच्या पुस्तिकेचं भाषांतर केलं आणि १९५० च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की पान हा अपुरा राहिलेला कोंभ आहे. कोंभ व्हायची ओढ त्याच्यात असतेच. हे वाक्य ऐकायला काव्यमय वाटतं, पण २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे नीलिमा सिन्हा यांच्या प्रयोगशाळेनं पानफुटीच्या कुळातल्या जातींवर काम प्रसिद्ध केलं. शेंड्याला शेंडा म्हणून टिकवणारं एक जनुक असतं. पानाचा उंचवटा उमटतो तिथे ते सामान्यतः गप्प होतं, आणि म्हणून पान वाढायचं थांबतं, त्याला आकार येतो. पानफुटीच्या एका बहिणीत पानाच्या खाचांमध्ये ते जनुक पुन्हा बोलू लागलेलं आढळलं. तिथेच रोपं फुटतात. त्या बहिणीला पान तोडायचीही गरज नसते, झाडावर असतानाच कडेला रोपांची झालर लागते. आपल्या गॅलरीतली पानफुटी बहुधा पान तुटल्यावर किंवा झाड संकटात आल्यावर फुटते.

म्हणजे शिलरला उत्तर काय द्यायचं? आम्हाला वाटतं, असं: पान ओळखायचं ते आकारावरून नाही, जागेवरून. शेंड्याच्या बाजूला उंचवटा येतो आणि त्याच्या बेचक्यात डोळा असतो. त्या जागी जे येईल ते पान, मग तो काटा असो, शेवई असो की पर्णिकांचा पंखा. निवडुंगाच्या फड्यावर जिथे काट्यांचा झुबका असतो, तो बेचक्यातला डोळा. त्या मुलीच्या बोटाखालचं हिरवं टोक बरोबर त्याच्या खाली होतं. आकार नंतर ठरतो, आणि पाणी कधी, किती आणि कसलं मिळणार यावर तो बराच अवलंबून असतो.

आता शिवनेरी.

मुंबई इलाख्यात डालझेल नावाचे स्कॉटिश वनाधिकारी होते. गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला. जुन्नरच्या डोंगरांतली एक वनस्पती त्यात आली नाही, ती पुढे १८६५ मध्ये लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आली. डालझेलांनी तिच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली आणि तिला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं: फ्रेरिया इंडिका. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेच नाही. शिवनेरीच्या कातळावर आणि सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर, माणसाचा हात सहसा पोहोचणार नाही अशा उभ्या कपारींत ती लोंबते.

तिची नात्यातली मंडळी म्हणजे माकडशिंगं. घाटावरच्या माळांवर काटेरी झुडपांच्या आडोशाला बोटाएवढी, चौधारी, हिरवी कांडी उभी असतात ती. दुष्काळात लोक ती खाऊन जगले आहेत. या कुळाची शाखा आफ्रिकेपर्यंत पसरली आहे आणि जवळजवळ सगळ्यांनी पानं सोडून दिली आहेत. नावापुरता एखादा खवला उरतो, तोही सुकून जातो. सगळं काम खोड करतं. आणि त्या कुळात ही एक, जिला पावसाळ्यात चांगली लांबट, गुबगुबीत, हिरवीगार पानं येतात. किरमिजी रंगाचं, पिवळ्या ठिपक्यांचं पाच कोनी फूल बघितलं तर कुणीही सांगेल की ही माकडशिंगाची बहीण. पानं बघितली तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

डालझेलांनी वेगळी प्रजाती केली त्यात या पानांचा मोठा वाटा होता. जवळजवळ शतकभर ती तशीच राहिली. १९५८ मध्ये रोली यांनी म्हटलं की पानांपलीकडे हिला वेगळं काढायला फारसं कारण नाही, आणि तिला कॅरालुमा या माकडशिंगांच्या प्रजातीत टाकलं. या शतकाच्या सुरुवातीला डीएनएच्या पुराव्यावरून तिची रवानगी बौसेरोसियात झाली. आमच्यासाठी नाव महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की ती बिनपानी माकडशिंगांच्या घोळक्यातच बसते. शास्त्रज्ञांचा युक्तिवाद असा की मग पूर्वजांनी टाकलेलं पान हिनं परत धरलं असण्याचा संभव मोठा. आणि जागेचा नियम लावला तर हे समजायला जड नाही. माकडशिंगाच्या कांडीवरही पानाची जागा शाबूत असते, तिथे खवला येतोच. तो लवकर थांबतो, एवढंच. हिच्यात तो थांबत नाही.

पण का थांबत नाही? इथे आम्हाला १९७७ सालचा एक शोधनिबंध भेटला आणि त्या रात्री झोप लागली नाही. जर्मनीतल्या लांगे आणि त्सूबर यांनी कुंडीतली शिंदळ माकुडी घेऊन तिचा श्वास मोजला. खोड पानफुटीसारखं वागत होतं: रात्री दार उघडायचं, आम्ल साठवायचं. पानं मात्र साध्या झाडासारखी, आंब्याजांभळासारखी, दिवसा दार उघडून काम करत होती. एकाच वेलीवर दोन प्रकारचे संसार! पाणी भरपूर असेल तेव्हा पानं दिवसा भराभर कमावतात. पाणी तोडलं की पानं गळतात आणि खोड रात्रीच्या काटकसरीवर तग धरतं.

म्हणजे हे पान पावसाळ्याचं पान आहे. शिवनेरीच्या कड्यावर जूनपासून चार महिने कातळ पाझरत असतो, धुकं असतं, शेवाळ असतं. मग पुढचे आठ महिने तोच कातळ तापतो. आफ्रिकेतल्या तिच्या बहुतेक बहिणींना असे हमखास ओले चार महिने मिळत नाहीत. तिथे पान हा खर्च. इथे ते पान चार महिन्यांत स्वतःची किंमत वसूल करून गळून जातं. मोरसचं पान मिठानं जाड झालं, पानफुटीचं रात्रीच्या कोठारानं. शिंदळ माकुडीनं जाडपणा खोडाकडे ठेवला आणि पान मोसमी पावसाच्या स्वाधीन केलं. आमच्या मते महाराष्ट्राच्या हवामानाचा इतका नेमका जबाब दुसऱ्या कुठल्या झाडानं दिलेला नाही. वनस्पतिशास्त्रातली मंडळी इथे असतील तर त्यांनी आम्हाला खुशाल खोडून काढावं.

उन्हाळ्यात शिवनेरीवर जाऊन कुणी तिला शोधलं तर तिथे पान नसतं. राखाडी, वाळल्यासारखी दिसणारी लोंबती कांडी असतात. पावसात गेलं तर कातळ निसरडा असतो. आम्ही सत्तरी ओलांडल्यावर दोनदा गेलो. एकदा ऑगस्टमध्ये, नातवाच्या दुर्बिणीतून, खालच्या वाटेवरूनच, हिरवी पानं आणि एक फूल पाहिलं. ते तेच होतं की जवळचं दुसरं काही, याची शपथ घेणार नाही, पण जागा, लोंबणं आणि फुलाचा रंग जुळत होता.

तिची अवस्था विचित्र आहे. भारताच्या रेड डेटा बुकात, म्हणजे संकटातल्या वनस्पतींच्या नोंदवहीत, तिचं नाव आहे. त्याच वेळी परदेशातल्या हौशी संग्राहकांच्या काचघरांत ती सुखानं वाढते. कलमानं लागते, ऊतीसंवर्धनानं हजारो रोपं करता येतात. तेव्हा कुणी म्हणेल, मग काळजी कशाची? जात तर वाचली.

इथे आम्हाला आमचा विषय सोडवत नाही. काचघरात वर्षभर पाणी घातलेल्या वेलीला पानं राहतात. उलट पाणी आखडलं तर ती नुसत्या खोडावर जगते. दोन्ही ठिकाणी झाड तेच. पण चार महिने धुकं आणि आठ महिने आग या ज्या हिशेबातून तिचं पान आलं, तो हिशेब काचघरात कुणी मांडत नाही. माळी मांडतो. कड्यावर रस्ता आला, वणवा लागला, शेळ्या वर चढल्या, फुलाकडे येणाऱ्या माश्या कमी झाल्या, तर हजार कुंड्या असूनही तो हिशेब बंद पडेल. तिथे तिचं जगणं बघितल्याशिवाय तिचं पान कशासाठी आहे हे आपल्याला कळलंच नसतं. आणि अजून पुष्कळ कळायचं आहे. कड्यावरच्या वेलीत पानं नेमकी कोणत्या दिवशी फुटतात, कोणत्या पावसानंतर, आणि एखाद्या वर्षी जून कोरडा गेला तर ती काय करते, याची दरवर्षी कड्यावर बसून केलेली नोंद आमच्या वाचनात आलेली नाही. ही नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. हाइनकडे कुठे होती?

जुन्नरकडची कुणी मुलं इथे असतील, त्यांना आमची एक विनंती आहे. किल्ल्यावर जाताना वेल तोडू नका, मुळासकट तर नकोच. फोटो काढा, तारीख लिहा, पान होतं की नव्हतं ते लिहा. पाऊस कधी झाला ते गावात विचारून लिहा. पाच वर्षं केलंत तर कुठल्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला ती वही हवीशी वाटेल.

आणि कोपरीकरांसाठी, जाता जाता. खाडीकाठी मोरस दिसली तर एक पान भरतीच्या बाजूचं घ्या, एक वरच्या बांधावरचं. दोन्ही बोटांत दाबून बघा, जाडीत फरक लागतो का. आम्ही परवा सकाळी बघितलं. आमच्या बोटांना लागला, पण सोबत आलेल्या आमच्या सौभाग्यवतींना लागला नाही. तेव्हा तुमच्यापैकी दहाबारा जणांनी बघून पुढच्या वेळी सांगावं.

आता प्रश्न असतील तर विचारा. त्या मावशींनी मघाशी हात वर केला होता, आधी त्या.